डोळा वीतभर वर हवा

लिंबूवर्गीय फळांच्या उत्पादनात चीन आणि ब्राझीलनंतर आपलाच नंबर लागतो. संत्री, मोसंबी, किन्नो, लिंबू सगळं मिळून वर्षाला 1 कोटी 40 लाख टनांच्या आसपास माल निघतो, म्हणजे माणशी ढोबळ दहा किलो. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना 1961 पासून प्रत्येक देशाचा अन्नाचा ताळेबंद ठेवते. उत्पादनात आयात मिळवायची, निर्यात वजा करायची, नासाडी आणि इतर वापर वगळायचा, उरेल त्याला लोकसंख्येने भागायचं. या ताळेबंदात या फळांचा भारताचा आकडा साठ वर्षांत एकूण चढत गेला. लोकसंख्या एवढी वाढूनही माणशी वाटा वाढला, ही साधी गोष्ट नाही.

पण त्या ताळेबंदात संत्रं, किन्नो आणि मोसंबी एकाच रकान्यात बसतात. रकाना फुगतो, तो कशाने फुगला हे त्यात दिसत नाही. माझं सगळं कुतूहल तिथूनच सुरू होतं.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. या फळांचं मूळ हिमालयाच्या पायथ्यापासून ईशान्य भारत आणि चीनपर्यंतच्या पट्ट्यात आहे. मेघालयातल्या गारो टेकड्यांत नोकरेकला रानटी संत्र्याचं अभयारण्यच आहे. नागपूरचं संत्रं अठराव्या शतकाच्या अखेरीस रघूजी भोसल्यांनी औरंगाबादेहून आणवलं असं सांगतात. मोसंबी मराठवाड्यात, जालना-पैठण भागात रुजली. आंध्र-तेलंगणात तिची बहीण सातगुडी. कुर्गचं संत्रं एके काळी दक्षिणेत प्रसिद्ध होतं, ते रोगांनी पार आटलं.

आता किन्नो. 1915 साली कॅलिफोर्नियात एच. बी. फ्रॉस्ट यांनी दोन मँडरिनांचा संकर केला, 1935 मध्ये वाण बाहेर पडलं आणि 1950 च्या दशकात ते अबोहरला आलं. पंजाब-राजस्थानच्या कालव्यांच्या पाण्यावर त्याने असं बस्तान बसवलं, की आज जानेवारीत मुंबई-पुण्याच्या हातगाड्यांवरही किन्नोचे ढीग असतात. बिया भरपूर, पण साल फळाला घट्ट चिकटलेली, त्यामुळे ट्रकमध्ये दोन दिवस आपटलं तरी बिघडत नाही. आपलं संत्रं सैल सालीचं. सोलायला सोपं, चवीला कितीतरी उजवं, पण प्रवासात हळवं. रसाच्या कारखान्यातही त्याचं जमत नाही, कारण रस काढून ठेवला की काही वेळाने तो कडवट होतो. ताजं सोलून खाण्यासाठी मात्र त्याच्या तोडीचं फळ मी खाल्लेलं नाही.

या संत्र्याचा पुरवठा पावसाच्या हातात असतो असं सगळे म्हणतात, आणि ते बरंचसं खरं आहे. काळ्या जमिनीतल्या झाडाला पाणी तोडून ताण द्यायचा, पानं मलूल झाली की पाणी सोडायचं, मग फुलं येतात. डिसेंबर-जानेवारीत ताण दिला तर आंबिया बहार, त्याची फळं ऑक्टोबर ते डिसेंबरात. उन्हाळ्यात ताण बसला आणि जूनच्या पावसाने तुटला तर मृग बहार, त्याची फळं फेब्रुवारीनंतर. मृग लांबला की बहार फुटतच नाही. अमरावती जिल्ह्यात वरुड-मोर्शीकडे बोअर शेकडो फूट खाली गेले आहेत, आणि मोठ्या दुष्काळात तिथे उभे बगीचे सरपणाला गेले.

तरी माझं मत असं, की पुरवठा त्याहून आधी ठरतो. तो पन्हेरीत, म्हणजे रोपवाटिकेत ठरतो.

वरुड तालुक्यातलं शेंदुरजना घाट हे संत्र्याच्या कलमांचं गाव. मी तिथे पुन्हा पुन्हा जातो. खुंटासाठी जंभेरीचं बी वाफ्यात टाकतात. रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की हिवाळ्यात कलमं बांधणारे बसतात. एका हातात चाकू, तोंडात प्लॅस्टिकची पट्टी. जंभेरीच्या सालीवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर देतात, चांगल्या संत्र्याच्या काडीवरून ढालीच्या आकाराचा डोळा उतरवतात, सालीखाली सरकवतात आणि पट्टी गुंडाळतात. बघताबघता माणूस पुढच्या रोपावर गेलेला असतो. तीनेक आठवड्यांनी पट्टी सोडली की डोळा हिरवा आहे का काळा पडला, ते दिसतं.

तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला एकच गोष्ट बजावून सांगितली होती. “डोया जमिनीपासून ईतभर वर पायजे, भाऊ. खाली बांधला का माती त्याले खाते.” कृषिशास्त्रही तेच सांगतं. डोळा जमिनीलगत असला, की पावसाळ्यात ओल्या मातीतली फायटोफ्थोरा बुरशी संत्र्याच्या सालीला लागते, खोडातून डिंक गळतो. शेतकरी त्याला डिंक्या म्हणतात. बोर्डो पेस्ट लावा, वाळलेल्या फांद्या म्हणजे सल काढा, उपाय सगळे आहेत. पण वीतभर उंचीवर बांधलेल्या कलमाला ही धास्ती पहिल्यापासूनच कमी असते. घाईत, स्वस्तात बांधलेलं कलम शेतकरी घेतो आणि ते चुकीचं होतं हे फळ धरल्यावर, पाच-सहा वर्षांनी कळतं. तोवर हेक्टरी 277 झाडांवर पैसा, पाणी आणि आयुष्याची वर्षं गेलेली असतात.

डोळ्याच्या काडीतून रोगही येतो. ग्रीनिंग रोग सायला नावाची कीड पसरवते, तसाच तो रोगट काडीतूनही जातो. फ्लोरिडात हा रोग 2005 मध्ये सापडला. 1997-98 च्या हंगामात तिथे संत्र्याच्या 24 कोटी 40 लाख पेट्या निघाल्या होत्या, 2022-23 मध्ये दीड कोटीच्या वर जेमतेम. त्या घसरणीत वादळांचा आणि जमिनीच्या वाढत्या किमतींचाही वाटा आहे, पण मुख्य घाव रोगाचा. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्था शेंड्याच्या कलमातून रोगमुक्त मातृवृक्ष तयार करते, ते काम मला धरणाइतकंच मोलाचं वाटतं. अशा झाडांच्या काड्या प्रत्येक पन्हेरीधारकाला सहज मिळाल्या पाहिजेत.

नागपुरी संत्रं आता नागपूरपुरतं उरलेलंही नाही. 2014 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच वाणाचे बगीचे छिंदवाडा-पांढुर्ण्याकडे, आगर-माळव्यात आणि राजस्थानच्या झालावाडातही उभे आहेत. देशाचा पुरवठा त्यामुळे वाढला. विदर्भाचा भाव मात्र वाढला नाही. त्यात सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. तिथलं आयात शुल्क 2019 च्या सुमारास किलोला 20 रुपयांच्या आसपास होतं, ते 2023 पर्यंत 88 वर गेलं. जो माल सीमेपलीकडे जायचा तो नागपूरच्या कळमना बाजारात येऊन पडला. मानांकनाच्या कागदाने रस्त्यावर पडलेला माल उचलला जात नाही. त्याच काळात आपल्या मॉलांत इजिप्त आणि दक्षिण आफ्रिकेची चकचकीत संत्री स्टिकर लावून बसली आहेत, आणि ती घेणाऱ्याला घराजवळचा आंबिया ठाऊक नसतो.

हा अंक हातात पडेल तेव्हा आंबियाची तोड सुरू असेल. फळाची साल हिरवट-पिवळी दिसेल आणि पुष्कळजण ते कच्चं समजून परत ठेवतील. संत्र्याला केशरी रंग चढायला रात्रीचा गारवा लागतो. दिवाळीत तो नसला तर साल हिरवी राहते, आत रस भरलेला असतो. हातात घेऊन वजन बघा, जड लागलं तर घ्या. पिशवीभर घ्या, आणि दोन-चार दिवसांत संपवा.