एक रुपया भाड्याचे गायरान

चंद्रपूर शहराला लागून असलेल्या महाऔष्णिक वीज केंद्राची स्थापित क्षमता 2920 मेगावॅट आहे. एवढी वीज दारात तयार होते आणि त्याच जिल्ह्यातल्या धान उत्पादकाला कृषिपंपाची वीज पाळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की बांधीला पाणी द्यायला अंधारात वावर गाठावे लागते. सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरी, नागभीड हा सगळा पट्टा वाघांचा. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या, त्याही दिवसाउजेडी. रात्री मोटार सुरू करायला जाणाऱ्याच्या मनात काय चालत असेल, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून ‘दिवसा वीज द्या’ ही इथली जुनी आणि रास्त मागणी आहे. सौरऊर्जेला इथला माणूस नाक मुरडत नाही. धुऱ्यावर बसवलेली ‘झटका मशीन’ बघा. हातभर सौर पाटी, खाली पत्र्याच्या पेटीत बॅटरी, कुंपणाच्या तारेत दर सेकंदाला सोडलेला धक्का आणि रात्रभर टिक-टिक असा आवाज. रानडुक्कर त्याने थबकते, मरत नाही. गडचिरोली जिल्ह्यात भामरागडकडच्या कित्येक पाड्यांवर तर पहिला दिवा लागला तोच सौर पाटीवर. विजेच्या तारांना तिथवर पोहोचायला त्यानंतर वर्षे लागली.

तरीही एखाद्या गावाने सौर प्रकल्पाला जमीन द्यायला नकार दिला की शहरात लगेच शेरा मारला जातो : ‘यांना विकासच नको.’ कोळसा नको म्हणतात, खाण नको म्हणतात, आता ऊनही नको? या शेऱ्यात खरा मुद्दाच हरवतो. भांडण उन्हाचे नाही. ते उन्हाखालच्या जमिनीचे आणि ती जमीन ‘रिकामी’ आहे असे ठरवणाऱ्याचे आहे.

राज्य सरकारने 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातले कोळंबी इथे तिचे पहिले प्रयोग झाले. 2023 मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली. कल्पना चांगली आहे. गावाजवळच्या वीज उपकेंद्रापासून पाच-दहा किलोमीटरच्या आत छोटे सौर प्रकल्प उभारायचे आणि शेतीच्या फिडरला दिवसा वीज द्यायची. कोळशाची गरज नाही, लांबच्या तारांतली गळती नाही. या दुसऱ्या आवृत्तीतला पहिला प्रकल्प 2024 मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सुरू झाला, तीन मेगावॅटचा.

आता जमिनीचा हिशेब मांडू. खासगी जमीन भाड्याने घेतली तर मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. सरकारी जमीन घेतली तर नाममात्र भाडे, वर्षाला एक रुपया. एका मेगावॅटला साधारण पाच एकर लागतात. म्हणजे तीन मेगावॅटसाठी सहा हेक्टर. खासगी मालकाला याचे वर्षाला साडेसात लाख मिळतील आणि वाढ न धरताही पंचवीस वर्षांत ही रक्कम पावणेदोन कोटींच्या वर जाते. तोच प्रकल्प गावच्या गायरानावर उभा राहिला, तर ग्रामपंचायतीला मिळतात वर्षाला पाच लाख याप्रमाणे तीन वर्षांचे पंधरा लाख. हे पंधरा लाख प्रकल्प खासगी जमिनीवर झाला तरी मिळणारच असतात. गायरानाची किंमत म्हणून उरतो तो रुपया.

सरकारी बाजू अशी की गायरान मुळात सरकारचेच, मग सरकारने सरकारी योजनेला भाडे कशाला लावायचे? शिवाय वीज गावालाच मिळणार. बिनतोड वाटणारा हा युक्तिवाद सातबाऱ्यापुरता खरा आहे. पूर्व विदर्भ हा जुना मध्य प्रांत. इथली मालगुजारी 1951 मध्ये गेली तेव्हा मालगुजारांच्या ताब्यातली पडीत, झुडपी, तलाव सरकारजमा झाले. पण गावाचे त्यावरचे वापराचे हक्क गेले नाहीत. त्यांना इथे ‘निस्तार’ म्हणतात. कुणी कुठे गुरे चारायची, जळण कुठून आणायचे, माती-मुरूम कुठून काढायचा, मढे कुठे न्यायचे, हे निस्तारपत्रकात गावागणिक लिहिलेले आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 22 मध्येही अशा जमिनी गावाच्या वापरासाठी राखून ठेवण्याची सोय आहे. मालकीच्या रकान्यात ‘सरकार’ असले तरी पावसाळ्यात त्या गायरानावर शंभर-दीडशे ढोरे उभी असतात. सकाळी आखरावर गावची ढोरे गोळा होतात, ढोरकी ती घेऊन निघतो. रोवणीच्या दिवसांत तर साऱ्या बांध्या पाण्याखाली, ढोरांना पाय ठेवायला दुसरी जागाच नसते. त्या जागेला तारेचे कुंपण पडले की ढोरे जंगलात न्यावी लागतात आणि जंगलात वाघ आहे. दिवसा वीज मिळाल्याने मोटारवाल्याचा जीव वाचेल. ढोरक्याचा धोक्यात येईल. मोटारवाला सहसा जमीनवाला असतो, ढोरकी भूमिहीन. विरोधाचा आवाज कोणत्या घरांतून जास्त येतो, हे यावरून उमगावे.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत आणखी एक गुंता आहे, झुडपी जंगलाचा. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत ‘झुडपी’ अशी नोंद असलेली हजारो हेक्टर जमीन महसूल आणि वन या दोन खात्यांच्या ओढाताणीत दशकानुदशके लटकलेली होती. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : झुडपी जंगल म्हणजे वनजमीनच. 12 डिसेंबर 1996 पूर्वी झालेली घरे, शाळा, शासकीय वापर यांना नियमित होण्याची वाट ठेवली. त्यानंतरच्या वापराला मात्र वन संवर्धन कायद्याची चाळणी लावली. पर्यावरणवाद्यांनी या निकालाचे स्वागत केले आणि ते योग्यच होते. पण त्याचा एक आडवा परिणाम फारसा कुणी बोलत नाही. झुडपीची मोकळी वाट बंद झाल्यावर सौर प्रकल्पांसाठी जमिनीचा शोध उरलेल्या गायरानांकडे आणि धानाच्या बांध्यांकडे वळणार. गडचिरोली जिल्ह्याचा बहुतेक भाग वनाखाली आहे. वनाबाहेरची जमीन तिथे आधीच तुटपुंजी.

विजेसाठी जमीन देण्याचा या भागाचा अनुभव कसा आहे, ते पाहायला भद्रावतीला जावे. 1990 च्या दशकात केंद्र सरकारने खासगी वीज प्रकल्पांपैकी आठ प्रकल्प वेगाने पुढे रेटायचे ठरवले. महाराष्ट्रातले त्यातले दोन : दाभोळ आणि भद्रावती. दाभोळचे एन्रॉन जगभर गाजले. भद्रावतीचे निप्पॉन डेन्रो कुणाच्या लक्षातही नाही. सुमारे हजार मेगावॅटच्या या औष्णिक प्रकल्पासाठी तालुक्यातल्या अनेक गावांची मिळून हजारावर हेक्टर जमीन घेतली गेली. प्रकल्प झालाच नाही. जमीन औद्योगिक विकास महामंडळाकडे राहिली, दर काही वर्षांनी नव्या उद्योगाचे नाव जाहीर होत राहिले, आणि ज्यांची जमीन गेली त्यांची नातवंडे नोकरीच्या वयाला आली. दाभोळवर ग्रंथ लिहिले गेले, भद्रावतीच्या वाट्याला तालुक्याच्या बातमीपत्रातला एक रकाना. 

अशीच गोष्ट धुळे जिल्ह्यातल्या विखरणची, फक्त तिचा शेवट सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. शिंदखेडा तालुक्यातल्या या गावी आधी औष्णिक प्रकल्पासाठी म्हणून जमीन घेण्यात आली. पुढे तिथे सौर प्रकल्प करायचे ठरले. धर्मा पाटील या वृद्ध शेतकऱ्याच्या पाच एकर बागायतीला सुमारे चार लाख रुपये मोबदला मिळाला. शेजाऱ्यांना कितीतरी पट अधिक. हेलपाटे घालून थकल्यावर 22 जानेवारी 2018 रोजी त्यांनी मंत्रालयात विष घेतले. 28 तारखेला जे.जे. रुग्णालयात ते वारले. त्यानंतर फेरमूल्यांकन झाले. इतक्या वर्षांच्या अर्जांनी जे झाले नाही ते एका मृत्यूने झाले, हे प्रशासनाला शोभा देणारे नाही.

इथे कायद्यातली एक फट समजून घ्यायला हवी. खाणीला किंवा औष्णिक केंद्राला पर्यावरणीय मंजुरी लागते, जनसुनावणी लागते. सौर प्रकल्पाला यातले काही लागत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2016 मध्ये सौरऊर्जा ‘पांढऱ्या’ म्हणजे प्रदूषण न करणाऱ्या गटात टाकली. धूर, राख, सांडपाणी यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण जनसुनावणीत फक्त धुराची चर्चा होत नसते. गावाला आपले म्हणणे नोंदवायची ती बहुतेकदा एकमेव सरकारी जागा असते. जनसुनावणी झाली तरी ती कशी होते तेही इथल्यांनी पाहिले आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागड लोहखाणीच्या विस्ताराची सुनावणी 27 ऑक्टोबर 2022 रोजी खाणीजवळ नव्हे, दूर गडचिरोलीला झाली. पुढच्या वर्षी मार्चपासून त्याच तालुक्यातल्या तोडगट्टा इथे माडिया-गोंड गावकऱ्यांनी नव्या खाणींविरुद्ध ठिय्या दिला. अडीचशे दिवसांनंतर, नोव्हेंबर 2023 मध्ये, पोलिसांनी तो मोडला. चामोर्शी तालुक्यात कोनसरीच्या आसपास औद्योगिक क्षेत्रासाठी होणाऱ्या भूसंपादनाला धान उत्पादकांचा विरोध आहे. या पार्श्वभूमीवर सौर कंपनीचा माणूस गावात येतो, तेव्हा गाव त्याच्याकडे पाहत नाही, त्याच्या मागे उभ्या असलेल्या तीस वर्षांकडे पाहते.

इतर राज्यांतही धडे आहेत. कर्नाटकातल्या पावगडा सौर उद्यानाने सुमारे तेरा हजार एकर जमीन विकत न घेता भाड्याने घेतली. एकरी वर्षाला 21 हजार, मालकी शेतकऱ्याचीच. दुष्काळी तालुक्यात जमीनदारांना ते मानवले. शेतमजूर आणि मेंढपाळ यांच्या हाती काही पडले नाही, कारण भाडेकराराच्या कागदावर त्यांचे नावच नव्हते. आसामात नगाव जिल्ह्यातल्या मिकिर बामुनी इथे 15 मेगावॅटच्या प्रकल्पावरून 2020 मध्ये पोलीस आणि शेतकरी यांची झटापट झाली. वर्षानुवर्षे कसत असलेली भातजमीन आपल्या पाठीमागे विकली गेली, अशी त्यांची तक्रार होती. धान, आदिवासी कुळे आणि जुन्या नोंदींचा घोळ. गडचिरोलीच्या वाचकाला यात काहीच परके वाटणार नाही.

मग करायचे काय? याचे उत्तर याच दोन जिल्ह्यांत सापडते, असे माझे मत आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये ग्रामसभेने स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकला. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला 2012 मध्ये हजार हेक्टरवर हक्क मिळाला. त्यांनीही बांबू विकून गावात रोजगार उभा केला. पण तेंदूपत्ता मात्र त्यांनी बंद केला. तेंदूसाठी झाडे छाटतात, आगी लावतात, जंगलाचे नुकसान होते, म्हणून हातची कमाई ग्रामसभेने सोडली. ‘अडाणी विरोध’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा नीट वाचावा. आज गडचिरोलीत हजाराहून अधिक ग्रामसभांकडे असे हक्क आहेत. आपले जंगल जी ग्रामसभा सांभाळते, तिला सहा हेक्टरच्या सौर प्रकल्पाचा करार कळणार नाही, असे मानायला काही आधार नाही.

वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3(2) मध्ये तर सौरऊर्जेची सोयही आहे. गावाच्या तेरा सुविधांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वापरता येते. हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे तुटता कामा नयेत, सुविधा सरकारने चालवलेली असावी आणि ग्रामसभेची शिफारस असावी, या अटी. शाळा, दवाखाना, रस्ता या यादीत ‘अपारंपरिक ऊर्जास्रोत’ हा शब्दप्रयोग स्पष्ट लिहिलेला आहे. एका हेक्टरपेक्षा थोड्या कमी जागेत जवळपास अर्धा मेगावॅट क्षमता बसते. छोट्या गावाच्या घरांना आणि काही पंपांना ती पुरेशी आहे. तिथे कुंपण कुठून घालायचे, ढोरांची वाट कुठे सोडायची, हे गावच ठरवील. त्याहून मोठा प्रकल्प हवा असेल तर गायरानालाही खासगी जमिनीचाच दर लावावा, भाडे ग्रामसभेच्या खात्यात जावे आणि चराईची पर्यायी जागा करारातच लिहावी. यात सरकारचे फार काही बुडत नाही. वीज खरेदीचा करार पंचवीस वर्षांचा असतो, त्यात जमिनीचे भाडे हा छोटा खर्च.

ज्या गावात असा प्रस्ताव येईल तिथल्या वाचकांना एकच विनंती. ग्रामसभेला जाताना तलाठ्याकडून गायरानाच्या गटाचा सातबारा आणि निस्तारपत्रकाची नक्कल घेऊन जा. करार मराठीत, आणि जिथे लागेल तिथे गोंडी किंवा माडियात, मोठ्याने वाचायला लावा. ठराव त्याच बैठकीत करायची घाई कुणी केली तर पुढची तारीख मागा.