उंबरा आणि भोंगा

सांगली-इस्लामपूर रस्त्यावरच्या आष्ट्यात निवडणूक लागली की भोंगा लावलेल्या रिक्षा फिरतात, चौकाचौकांत कोपरा सभा होतात. पण मत ठरतं ते घराच्या उंबऱ्यावर. पुढे हलगी, मागे गटाची पोरं आणि मधे हात जोडलेला उमेदवार. बायका ओवाळतात, म्हातारी माणसं डोक्यावर हात ठेवतात आणि लगेच विचारतात, "गटारीचं काय केलंसा?" "लक्ष असू द्या" म्हणून सटकता येत नाही. उसाचं बिल, नळाचं पाणी, रखडलेला दाखला, सगळं तिथंच निघतं.

आष्ट्याचा हा वाळवा तालुका क्रांतिसिंह नाना पाटलांचा आणि अण्णा भाऊ साठ्यांचा. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, १९५७ साली, नाना साताऱ्यातून लोकसभेवर गेले. त्यांचं भाषण पारावरच्या बोलीतलं असे. आष्टा आज हातकणंगले लोकसभा मतदारसंघात येतं. तिथून २००९ मध्ये राजू शेट्टी निवडून आले, तेव्हा शेतकऱ्यांनी मताबरोबर वर्गणीही दिली. 'एक व्होट, एक नोट' ही ती हाक. पैसा उंबऱ्यावरून उमेदवाराकडे गेला, हे मला त्या विजयाइतकंच मोलाचं वाटतं.

जपानात मात्र हा उंबरा कायद्यानं बंद आहे. १९२५ साली सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार देणाऱ्या कायद्यानंच घरोघरी जाऊन मत मागायला मनाई केली. दारात गेलं की मतं विकत घेतली जातील, ही भीती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९८१ मध्येही ही बंदी वैध ठरवली. उमेदवारानं कुणाला खाऊपिऊ घालायचं नाही. चहा आणि सोबतचा किरकोळ खाऊ तेवढा चालतो. मग उरतो भोंगा. सकाळी आठ ते रात्री आठ प्रचाराच्या गाड्या फिरतात. चालत्या गाडीतून भाषण करता येत नाही, नाव मात्र पुन्हा पुन्हा पुकारता येतं. त्याला कारण आहे. तिथं मतदार चिन्हावर शिक्का मारत नाही, बटण दाबत नाही. उमेदवाराचं नाव स्वतःच्या हातानं लिहितो. नाव कानात बसलं नाही तर कागदावर उतरणार कसं?

महाराष्ट्रातून तिकडे गेलेले योगेंद्र पुराणिक याच रीतीतून निवडून आले. एप्रिल २०१९ मध्ये टोकियोतल्या एदोगावा प्रभागाच्या सभागृहासाठी त्यांना ६,४७७ मतं पडली. प्रचारात त्यांनी 'योगी' हे सुटसुटीत नाव जपानी लिपीत पुढे केलं. प्रचाराला दिवस अवघे सात. भारतात जन्मून जपानी निवडणूक जिंकणारे ते पहिलेच.

जपानची भीती खोटी नाही. आपल्याकडे मतदान संपण्याच्या ४८ तास आधी सभा आणि भोंगे थांबतात, पण घरभेटी चालू राहतात. 'लक्ष्मीदर्शन' म्हणतात ते पैशांचं वाटप याच अंधारात होतं. तरीही उंबरा बंद करायला माझा ठाम विरोध आहे. सभेत उमेदवार बोलतो आणि लोक ऐकतात. दारात म्हातारी बोलते आणि त्याला ऐकावं लागतं. ही एकच जागा मतदाराची स्वतःची आहे. बंदी हवी ती त्या शेवटच्या ४८ तासांवर. भोंगा थांबतो त्याच घटकेला घरभेटीही थांबाव्यात. त्याआधी मात्र उमेदवारानं दिवसाढवळ्या, चार शेजाऱ्यांसमोर, प्रत्येक दारात यावं आणि गटारीचं उत्तर द्यावं.