धुराच्या व्हिस्कीची परीक्षा आणि आपली मळी



गेल्या वार्षिक सभेनंतर चहा घेताना एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हाला बाजूला घेतले. त्यांच्या पुतण्याने परदेशातून येताना स्कॉटलंडच्या व्हिस्कीची बाटली आणली होती. लेबलावर सोळा वर्षे लिहिलेली, किंमत हजारांत. ते म्हणाले, "काहून जी, त्या बाटलीत असं काय असते? वास पाहिला तर जळक्या लाकडाचा. व्हिस्की तर आपल्या मळीचीही होते म्हणतात. मंग तिचा भाव हजारांत अन् आपल्या मळीचा किलोला रुपयांत काहून?"

प्रश्न रास्त आहे. आसवनीच्या नफ्यातोट्याशी, म्हणजे तुमच्या आमच्या ऊसदराशीही त्याचा संबंध आहे. म्हणून त्याचे उत्तर या अंकात सविस्तर देत आहोत.

आधीच सांगून ठेवतो, हे पिण्याचे आमंत्रण नव्हे. दारूने उजाड झालेली घरे प्रत्येक गावात आहेत. आपल्या विदर्भातच वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, ती उगाच नाही. पण ज्या मालाशी आपल्या उसाचे नाते आहे, त्याची पारख आपल्याला असू नये हे काही बरोबर नाही.

धूर येतो कुठून?

सिंगल माल्ट म्हणजे एकाच भट्टीत, केवळ मोड आणलेल्या जवापासून काढलेली व्हिस्की. जव भिजवतात, मोड येऊ देतात आणि मग ते वाळवतात. स्कॉटलंडच्या आयले बेटावर झाडे थोडी, पण दलदल भरपूर. त्या दलदलीत हजारो वर्षे कुजत, दबत गेलेल्या वनस्पतींचा काळा थर असतो. त्याला पीट म्हणतात. हा थर साधारण वर्षाला एक मिलिमीटर वाढतो. तिथले लोक त्याचे तुकडे कापून, वाळवून आपल्या गोवऱ्यांसारखे जाळतात. त्याच धुरावर जव वाळवले की धुरातील फिनॉल नावाची द्रव्ये दाण्यात मुरतात. डांबर, आयोडीन, दवाखाना, विझलेली चूल असे जे वास येतात ते या द्रव्यांचे.

फिनॉल दशलक्ष भागांत किती, हे मोजतात. लागाव्हुलिनच्या जवात सुमारे ३५, तर आर्डबेगच्या जवात सुमारे ५५ भाग असतात. पण हे माप जवातले, बाटलीतले नव्हे. भट्टीत आणि पिंपात त्यातील बराच भाग कमी होतो. तेव्हा आकडा मोठा म्हणजे माल भारी, असे समजू नये.

पहिली धार आणि मधली धार

चैत्रात आपल्या जंगलपट्ट्यात मोहफुले गळतात आणि 'पहिल्या धारेची' हा शब्द कानी येतो. पहिली धार म्हणजे उत्तम, असा आपल्याकडे समज आहे. स्कॉटलंडचा कारागीर मात्र नेमकी पहिली धार बाजूला काढतो, मधली धार पिंपात भरतो आणि शेवटची पुन्हा भट्टीत टाकतो. धुराची द्रव्ये उशिरा उतरतात. म्हणून मधली धार कुठे तोडायची, यावर व्हिस्कीत धूर किती राहणार हे ठरते. चार-दोन मिनिटे इकडची तिकडे झाली की मालाची जात बदलते.

सोळा वर्षांचा हिशेब

कायद्याने स्कॉच किमान तीन वर्षे ओकच्या लाकडी पिंपात ठेवावी लागते. लेबलावर १६ लिहिले तर त्यातील सर्वांत कोवळा माल सोळा वर्षांचा असला पाहिजे. पिंप श्वास घेते आणि माल उडतो. स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला सुमारे दोन टक्के जातो. २०० लिटरच्या पिंपात सोळा वर्षांनी अंदाजे १४५ लिटर उरतात. तेच पिंप वर्षाला दहा टक्के उडणाऱ्या उष्ण हवेत ठेवले तर सोळा वर्षांनी ३७ लिटरच हाती लागतील. तिकडे या उडालेल्या मालाला देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीने २०१३ साली आठ वर्षांची व्हिस्की काढली, तिचे नावच 'ग्रीडी एंजल्स', म्हणजे अधाशी देवदूत, असे ठेवले.

म्हणून भारतातील माल्ट वयाने लहान असला तरी कच्चाच असतो असे नाही. उष्णतेत लाकडाचा गुण लवकर उतरतो. अमृतची स्थापना राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ साली केली. तिने २००४ साली आपला सिंगल माल्ट थेट स्कॉटलंडातील ग्लासगो शहरात नेऊन विकायला ठेवला. तिच्या 'फ्यूजन'मध्ये भारतीय जव आणि पीटच्या धुराचे स्कॉटिश जव एकत्र असतात. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची भट्टी आहे. तिचा पहिला सिंगल माल्ट २०१२ साली लंडनला गेला. तिथे जव भारताचे आणि पीट स्कॉटलंडचा.

परीक्षा कशी करतात?

ही परीक्षा गुळाच्या परीक्षेसारखीच आहे. ज्याने गुऱ्हाळ पाहिले आहे त्याला ती अवघड नाही.

पहिली गोष्ट, रंगाला भुलू नये. पिवळाधमक गूळ पाहून गिऱ्हाईक खूश होते, पण तो रंग हायड्रॉस पावडरीचा असू शकतो. स्कॉचमध्येही जळक्या साखरेचा रंग, म्हणजे कॅरॅमल, घालायला कायद्याची परवानगी आहे. गडद म्हणजे जुनी, हे खरे नाही.

दुसरी गोष्ट नाक. पेला पोटात फुगीर आणि तोंडाला अरुंद असावा. दोन-तीन चमचे माल ओतून थोडा वेळ राहू द्यावा. नाक एकदम आत खुपसू नये, मद्यार्काने नाक बधिर होते. तोंड किंचित उघडे ठेवून दुरून, थोडा थोडा वास घ्यावा. आधी धूर येतो. तो ओलांडून मागे काय आहे ते शोधायचे: सुके फळ, मध, मीठ, लाकूड, व्हॅनिला. धुरामागे काहीच सापडत नसेल तर माल साधा समजावा.

तिसरी गोष्ट चव. अगदी छोटा घोट, जिभेवर फिरवायचा. मग थेंब थेंब पाणी घालून पुन्हा वास आणि चव पाहायची. पाणी घातले की माल बिघडतो, ही समजूत चुकीची आहे. धुराच्या वासाचे एक द्रव्य ग्वायकॉल नावाचे आहे. पाणी घातल्यावर ते पृष्ठभागाजवळ येते, असे स्वीडनच्या दोन संशोधकांनी २०१७ साली संगणकावर गणिते करून दाखवले. बर्फ मात्र परीक्षेच्या वेळी नको, थंडीने वास दबतो.

चौथी गोष्ट मागची चव. घोट गेल्यावर तोंडात काय उरते आणि किती वेळ उरते? नुसती जळजळ उरली तर गुण कमी. धूर सावकाश विरत गोडवा मागे राहिला तर गुण जास्त.

काही परीक्षक वास, चव, मागची चव आणि या सर्वांचा मेळ यांना प्रत्येकी २५ असे १०० गुण ठेवतात. जुन्या मालात खरी परीक्षा मेळाची. कोवळ्या मालात धूर पुढे पुढे करतो. वर्षे जातात तसा तो मागे सरतो आणि लाकडाचा गोडवा वर येतो. पण वय फार झाले तर लाकूडच सगळे खाऊन टाकते. फार कढलेल्या चहासारखा कडू तुरटपणा येतो. म्हणजे पंचवीस वर्षांचा माल सोळा वर्षांच्या मालापेक्षा भारी असेलच, असे नाही. महाग मात्र नक्की असतो. जळक्या काडीचा गंधकाचा वास आला किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर तो दोष समजावा, मग बाटली कितीही किमतीची असो.

झाकून केलेली पारख

त्या सभासदांच्या घरी परवानाधारक अशा पाच जणांनी ही परीक्षा करून पाहिली. तीन पेले, बाटल्या झाकलेल्या. एकात आयलेची सोळा वर्षांची, दुसऱ्यात गोव्याची धुराची, तिसऱ्यात बाजारातील स्वस्त देशी व्हिस्की. तिघांनी आयलेला पहिला नंबर दिला, दोघांनी गोव्याला. गुऱ्हाळावर आयुष्य गेलेल्या एका आजोबांनी तिसरा पेला नाकाजवळ नेला आणि म्हणाले, "हा तर आपल्या घरचाच पाहुणा हाय. याच्यात जवाचा दाणा कमी अन् मळी जास्त." लेबल उघडल्यावर सगळे हसले.

मग मळीचा भाव कमी का?

एक टन उसातून साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते आणि एक टन मळीतून सव्वादोनशे लिटरच्या आसपास मद्यार्क. म्हणजे टनामागे सुमारे दहा लिटर. हा मद्यार्क इतका शुद्ध करतात की त्याला स्वतःची चव उरत नाही. मग त्यात थोडा माल्ट आणि वास मिसळून आपल्याकडे तो व्हिस्की म्हणून विकतात. युरोपात मात्र धान्यापासून काढून किमान तीन वर्षे पिंपात ठेवलेल्या मालालाच व्हिस्की म्हणता येते. मळीच्या मालाला ते नाव लावता येत नाही.

आयलेच्या बाटलीत चार गोष्टींचे पैसे असतात: दाणा, काळ, उडालेला माल आणि कर. भारतात स्कॉचवर २०२५ साली १५० टक्के सीमाशुल्क होते. ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये झालेल्या करारात ते आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचे ठरले. आपल्या मळीच्या मद्यार्कात यातील काळ नाही आणि स्वतःचे नावही नाही. दुसऱ्याचे नाव लावून गेलेल्या मालाला भाव दुसऱ्याच्या मर्जीचाच मिळणार.

उसाच्या मद्याचे स्वतःचे नाव रम. ते जगात मानाचे आहे. अमृतने 'टू इंडीज' नावाची रम काढली, तिच्यात वेस्ट इंडीजच्या रमबरोबर आपल्याकडच्या गुळापासून काढलेली रम आहे. गूळ लपवला नाही, उलट लेबलावर मिरवला. आसवनीत उद्या काय काढायचे, हे परवाने, भांडवल आणि इथेनॉलचा दर पाहून संचालक मंडळ आणि तुम्हीच सभेत ठरवाल. पण तो विषय येईल तेव्हा 'व्हिस्कीसारखे काहीतरी' असे न म्हणता 'उसाचे काय' असे विचारावे, एवढे आमचे म्हणणे.

शेवटी एक इशारा. नाक कितीही तयार असले तरी मिथेनॉलचे विष नाकाला कळत नाही, जिभेलाही कळत नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. बिनलेबलाच्या बाटलीची परीक्षा करायची नसते. ती ओतून द्यायची असते.