फटफटी अडखळते, तेव्हा दोष शोधायचा कुठे?

वडिलांच्या काळातली मोटारसायकल चालू तर होते, पण धड चालत नाही. अशा वेळी नवशिक्याचा हात सर्वांत आधी जातो तो नेमका चुकीच्या स्क्रूवर!

लखनौपासून साधारण २५ किलोमीटरवर, हरदोई रस्त्यावर मलिहाबाद लागते. दशहरी आंब्याचे हे गाव. जून उजाडला की इथल्या रस्त्यावर आंब्याच्या पेट्यांनी भरलेले ट्रक, ट्रॅक्टर आणि त्यांच्या मधून वाट काढणाऱ्या दुचाकींची झुंबड उडते. उत्तरेच्या खेड्यापाड्यांत एके काळी मोटारसायकल म्हणजे राजदूत, असेच समीकरण होते. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या एसएचएल गाडीवरून ही १७५ सीसीची टू-स्ट्रोक मोटारसायकल १९६०च्या दशकात बनवायला घेतली. दोन्ही अंगांना दुधाचे कॅन लटकवलेली राजदूत पाहिली नाही, असा माणूस त्या भागात सापडणे कठीण.

आमराईतल्या अशा जुन्या गाडीचे आयुष्य मोठे विचित्र असते. मोसमात दिवसभर धुळीतून पळायचे आणि मोसम सरला की रिकाम्या पेट्यांच्या आड महिनोन् महिने उभे राहायचे. आपल्याकडे कोकणात पावसाळ्याचे चार महिने पडवीत झाकून ठेवलेल्या येझदीची किंवा बुलेटची तरी गत काय निराळी? मग एक दिवस घरातला तरुण मुलगा हौसेने ती बाहेर काढतो. वीस-पंचवीस किकनंतर ती धडधडते, पण रस्त्यावर आली की आचके देते, मध्येच फटाका फोडते, चढावर मान टाकते. गॅरेजच्या भाषेत, गाडी ‘मिसिंग’ मारते. आई म्हणते, ‘भंगारात देऊन टाका.’ मिस्त्री म्हणतो, ‘इंजिन खोलावे लागेल.’ आणि मुलगा स्क्रू ड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरला भिडतो.

यातली एकही गोष्ट लगेच करण्याची गरज नसते. जुन्या इंजिनाचे अडखळणे बहुधा स्वस्तातले दुखणे असते. पण त्यातला एक प्रकार खरोखर जिवावर बेतणारा आहे. तो ओळखता येणे, हाच नवशिक्याचा पहिला धडा.

आधी लक्षण, मग पाना

गाडी नेमकी केव्हा बिघडते? थंड असताना, की दहा किलोमीटर गेल्यावर तापल्यावर? उभी असताना रेस कमीजास्त होते, की पूर्ण रेस दिल्यावर दम तोडते? हे आधी वहीत लिहून काढावे. दोन-तीन किलोमीटर छान धावून गाडी बंद पडत असेल आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर आधी पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडून पाहावे. हवा आत ओढल्याचा आवाज झाला आणि गाडी पुन्हा नीट चालू लागली, तर झाकणातले बारीक छिद्र बुजलेले आहे. हवा आत येत नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही, एवढाच तो रोग. या एका छिद्रापायी कित्येक कार्बोरेटर विनाकारण उघडले गेले असतील!

त्यानंतर पेट्रोल. महिनोन् महिने टाकीत पडलेले पेट्रोल काढूनच टाकावे. ते विटते, त्याचा चिकट थर कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. पाणी साचले तर टाकी आतून गंजते आणि तो गंज खाली उतरतो. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि वॉशर या इंधनासाठी बनवलेलेच नव्हते. ते फुगतात किंवा कडक होऊन चिरतात. म्हणून नळी नवी घालावी, पेट्रोलच्या कॉकची जाळी धुवावी आणि कार्बोरेटरची खालची वाटी काढून तळाशी पाण्याचे थेंब किंवा लाल गाळ आहे का, ते बघावे. कार्बोरेटरचे स्क्रू मात्र अजून फिरवायचे नाहीत.

प्लग खरे बोलतो

पाच-सात किलोमीटर नेहमीच्या वेगाने गाडी चालवून ती बंद करावी, इंजिन जरा निवले की प्लग काढून उजेडात धरावा. टोक बिस्किटासारखे फिकट तपकिरी असेल, तर पेट्रोल आणि हवा यांचे प्रमाण ठीक आहे. कोरडी काळी काजळी दिसली, तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. चोक अडकला असेल, नाहीतर एअर फिल्टर धुळीने भरला असेल. आमराईच्या मातीत ही गोष्ट दर मोसमात व्हायचीच. ओला, तेलकट प्लग म्हणजे ठिणगी दुबळी, नाहीतर टू-स्ट्रोकमध्ये तेल प्रमाणाबाहेर.

आणि प्लग पांढराफटक निघाला तर? तर गाडी तिथेच उभी करावी. इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळते आहे, ते भलतेच तापते आहे, असा त्याचा अर्थ. टू-स्ट्रोक गाडीत तर पेट्रोलबरोबरच पिस्टनला तेल मिळते. पेट्रोल कमी पडले की तेलही कमी पडते, पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये जाम होतो आणि मागचे चाक धावत्या गाडीत जागच्या जागी थांबते. मागून आंब्याचा ट्रक येत असताना असे घडले तर काय होईल, याची कल्पना करावी. गंमत म्हणजे जाम होण्याआधी अशी गाडी अनेकदा नेहमीपेक्षा तडफेने पळते. त्यामुळे मुलगा खूश असतो! काळ्या प्लगची गाडी फार तर पेट्रोल जाळील. पांढऱ्या प्लगची गाडी मात्र दुरुस्त केल्याशिवाय रस्त्यावर काढू नये. चालताना अचानक असे काही जाणवले, तर ताबडतोब क्लच दाबावा, म्हणजे चाक सुटते.

ही जादा हवा येते कोठून? बहुतेकदा कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्या मधल्या जोडातून. तिथले रबर चिरते, गॅस्केट फाटते. इंजिन चालू ठेवून त्या जोडावर साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारावा. इंजिनाचा आवाज बदलला, तर चोर सापडला. जोड ठीक असतील, तर क्रँकच्या ऑइल सीलवर संशय घ्यावा. मॅग्नेटोच्या बाजूचे सील गेले की हवा आत शिरते. क्लचच्या बाजूचे गेले की गिअरचे तेल जळून पांढऱ्या धुराचे लोट निघतात. हे सील बदलणे नवशिक्याचे काम नव्हे. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्यामुळेही जुन्या जेटमधून हवेचे प्रमाण थोडे वाढते. प्लग सारखाच फिकट येत असेल, तर जेट एक नंबर मोठा घालावा का, हे जाणत्या मिस्त्रीला विचारावे.

ठिणगी आणि पॉइंट

कार्बोरेटरचा म्हणून सांगितला जाणारा दोष पुष्कळदा ठिणगीचा निघतो. प्लग त्याच्या टोपीत बसवून इंजिनाच्या धातूला टेकवावा आणि किक मारावी. निळसर, कडक ठिणगी हवी. पिवळी, रेंगाळणारी ठिणगी नको. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून भोकावर फडके ठेवावे, प्लग तिथून दूर धरावा आणि आसपास विडी-सिगारेट नसावी. तपासायला नवा प्लग लावून पाहणे, हा तर सर्वांत सोपा उपाय.

राजदूत, येझदी, जुनी बुलेट यांत ठिणगी पॉइंटवर अवलंबून असते. पॉइंटची फट साधारण ०.४ मिलिमीटर ठेवतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा आणि फिलर गेजने मोजावा, अंदाजाने नव्हे. पॉइंट सारखे जळत असतील, त्यांच्यात ठळक ठिणग्या उडत असतील, तर कंडेन्सर गेला असे समजावे. तापल्यावरच मिसिंग सुरू होत असेल, तर कंडेन्सर आणि कॉइल हे दोघे मुख्य संशयित. बुलेटसारख्या बॅटरीवर ठिणगी देणाऱ्या गाडीत बॅटरी उतरली असेल, तरी तीच लक्षणे दिसतात.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, गाडी चालवून पाहावी आणि वहीत लिहावे. प्लग, फिल्टर, पॉइंट, जेट सगळे एकाच दिवशी बदलले, तर गाडी सुधारली तरी कशामुळे, हे कळत नाही. बिघडली तर विचारूच नका. हे सगळे झाल्यावरच कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावावा. तोही आधी पूर्ण आत फिरवून किती फेरे होते, ते मोजून मगच.

टू-स्ट्रोक गाडी सुरू होते, मंद चालते, पण पिकअपच घेत नसेल, तर सायलेन्सर काजळीने बुजला आहे का, हेही पाहावे. आणि किक पायाखाली लोण्यासारखी जात असेल, तर रिंग किंवा बोअर झिजला आहे. तेव्हा मिस्त्रीचे ‘इंजिन खोलावे लागेल’ खरे मानावे. सुटे भाग मात्र पारखून घ्यावेत. येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६मध्ये बंद पडला. लखनौच्या सरोजिनीनगरातली, विजय सुपर स्कूटर बनवणारी स्कूटर्स इंडिया बंद करायला २०२१मध्ये मंजुरी मिळाली. पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोलबागेत माल मिळतो, पण त्यात नकलीही असतो. जुना मूळ भाग चालण्याजोगा असेल, तर नव्या नकलीपेक्षा तोच बरा.

आणखी एक तपासणी फारसे कोणी वापरत नाही. पीयूसीच्या पावतीवर कार्बन मोनॉक्साइडची टक्केवारी आणि हायड्रोकार्बनचा आकडा छापलेला असतो. ३१ मार्च २०००पर्यंत बनलेल्या दुचाकींना यांची मर्यादा अनुक्रमे ४.५ टक्के आणि ९,००० पीपीएम आहे. पहिला आकडा फार चढला असेल, तर इंजिन पेट्रोल जास्त पिते आहे. पहिला कमी आणि दुसराच चढला, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे, म्हणजे ठिणगी चुकते आहे किंवा हवा शिरते आहे. नोंदणीला १५ वर्षे झालेल्या गाडीचे नूतनीकरण करतानाही ही पावती लागतेच. तेव्हा दुरुस्तीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा गाडी पीयूसी केंद्रावर नेऊन दोन्ही पावत्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.