गिरणी संप आणि उधारीची साखळी

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पगारवाढ आणि बदली कामगारांना कायम करणे या प्रमुख मागण्या होत्या. लालबाग, परळ, वरळी, शिवडी या गिरणगावात मात्र गिरणीच्या हजेरीपटावर नाव नसलेली कितीतरी घरेही याच पगारावर चालत. संपाची झळ त्यांनाही बसली.

गिरणगावचा व्यवहार उधारीवर चाले. कोकण, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेले अनेक कामगार बायकामुले गावी ठेवून एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. त्यांचे दोन वेळचे जेवण खानावळवाल्या बायका रांधत आणि पैसे पगार झाल्यावर मिळत. खानावळवाली धान्य, तेल, रॉकेल वाण्याकडून उधार आणी, वाणी घाऊक व्यापाऱ्याकडून. पगार थांबताच ही साखळी पहिल्या कडीपाशीच अडली.

खानावळवालीची कोंडी दुहेरी होती. गावच्या माणसाला ताटावरून उठवता येत नसे, म्हणून चूल पेटती ठेवावी लागे. संप लांबला तसे अनेक कामगार गावी परतले. गिऱ्हाईक गेले आणि थकबाकीही अडकली. खानावळवाल्यांपैकी बऱ्याच जणींचे नवरेही गिरणीतच होते, म्हणजे घरातली दोन्ही उत्पन्ने एकदम आटली. सावकारी कर्जातून या बायकांना सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले होते. पण कर्ज बँकेचे असले तरी हप्ता रोजच्या कमाईतूनच निघतो.

गिरणीला सुटे भाग पुरवणारे छोटे कारखाने, कापडाच्या गाठी वाहणारे हमाल आणि हातगाडीवाले यांचेही काम घटले. गावाकडे मनीऑर्डरी थांबल्या. परतलेले कामगार शेतमजुरी शोधू लागले, तेव्हा तिथल्या मजुरांच्या अपुऱ्या कामात वाटेकरी वाढले. याउलट भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांना काम मिळाले. मात्र तिथे मजुरी कमी आणि संरक्षण तोकडे होते.

संपकऱ्याच्या पाठीशी संघटना असते, आणि संप जिंकला तर वाढीव पगार त्याच्याच हाती पडतो. खानावळवालीला किंवा हमालाला संपाच्या निर्णयात मत नव्हते आणि मागण्यांत त्यांचा उल्लेखही नव्हता. हा संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही, हजारो कामगारांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही, आणि थकलेली उधारी बुडीत गेली.

पुढे गिरणी कामगारांसाठी म्हाडाच्या घरांची योजना आली. तिची पात्रता गिरणीतल्या नोकरीच्या नोंदीवरून ठरते. त्या कामगारांना वर्षानुवर्षे जेवू घालणाऱ्या बायकांची नोंद त्या कागदांत नाही.