ट्रंकेच्या झाकणावरचा पत्ता

वांगणी स्टेशनच्या आसपास गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या इमारतींत मुंबईच्या चाळींतून सरकत आलेली बरीच कुटुंबे राहतात. गिरणी कामगारांना शेलू-वांगणीत घरे देण्याची योजना सरकारने काढली, तेव्हा ‘आम्हाला मुंबईतच घर हवे’ म्हणून कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या. त्या वादाचे काय व्हायचे ते होवो. पण आजोबांबरोबर गावाहून मुंबईला आलेली पत्र्याची ट्रंक नातवाबरोबर कर्जत लोकलच्या वाटेवर यावी, यात नवल नाही. घराला रंग काढला की पलंगाखालची ही ट्रंक बाहेर येते आणि कोणीतरी म्हणते, हिलाही एक हात मारून टाकू. पॉलिश पेपरने घासायची, वर ऑईलपेंट. ट्रंक जपण्याच्या नावाखाली तिचे सर्वांत मोठे नुकसान इथेच होते.

कारण ट्रंकेत जपण्याजोगे जे असते, ते पत्र्यात कमी आणि पत्र्यावर जास्त असते. गिरणगावात एकेका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपत. कुलपाखाली राहणारी, फक्त आपली अशी वस्तू म्हणजे ट्रंक. म्हणून झाकणावर पांढऱ्या रंगात नाव, मु. पो., तालुका, जिल्हा असे सगळे लिहून घेतलेले असे. हा पत्ता नीट वाचला तर बोलतो. ‘जि. दक्षिण सातारा’ असेल तर अक्षरे बहुधा १९६० च्या आधीची, कारण त्या वर्षी या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. ‘जि. कुलाबा’ असेल तर १९८१ च्या आधीची. नंतर तो रायगड झाला. मालवण किंवा सावंतवाडीच्या पुढे ‘जि. रत्नागिरी’ दिसले तर तेही १९८१ च्या आधीचेच, कारण सिंधुदुर्ग जिल्हा त्याच वर्षी वेगळा निघाला. तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राची तारीख असते, बाजूला रेल्वेच्या चिठ्ठीचा तुकडा असतो. ज्या घरात जन्माचे दाखले आणि पत्रे टिकली नाहीत, तिथे हा एवढाच कागदोपत्री पुरावा. उल्हासनगरात तर गोष्ट आणखी नाजूक आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ ला तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या पिढीच्या पेट्यांवरची अरबी वळणाची सिंधी अक्षरे आज घरातल्या अनेक तरुणांना वाचता येत नाहीत, आणि वाचता न येणाऱ्या अक्षरांवर ब्रश फिरवताना हात अडखळत नाही. अंबरनाथच्या शिवमंदिराचा काळ आपल्याला कळतो तो तिथल्या शके ९८२ च्या, म्हणजे १०६० च्या, शिलालेखामुळे. त्या लेखावर कोणी गिलावा केला तर आपण गप्प बसू का?

यावर रास्त आक्षेप असा, की रंग नाही दिला तर गंज ट्रंकच खाऊन टाकेल, मग अक्षरे राहणार कुठे? पण गंज सगळा एका जातीचा नसतो. गडद तपकिरी, पत्र्याला घट्ट धरून बसलेला जुना गंज बराच काळ तसाच राहू शकतो. नारिंगी, बोट लावताच पूड हाताला येणारा गंज मात्र चालू गंज. त्याची दखल घ्यायलाच हवी. तो मऊ ब्रशने झाडावा. जिथे उघडा लोखंडी पत्रा आहे तेवढ्याच जागी टॅनिक ॲसिडचे पातळ द्रावण लावले की गंजाचे काळपट, स्थिर संयुग बनते. अक्षरांच्या जवळ मात्र ते नेऊ नये. वाळल्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात पुरतो. खोबरेल किंवा स्वयंपाकाचे तेल नको. ते चिकट होऊन धूळ धरते. घासण्याविरुद्ध आणखी एक कारण आहे. जुन्या रंगांत शिसे असण्याची दाट शक्यता असते. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. पॉलिश पेपरने उडालेली ती पूड लहान मुलांच्या घरात नकोच.

शिवाय वांगणीत खरा शत्रू ओल आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांपुढे गेली की लोखंड झपाट्याने गंजू लागते, आणि जून ते सप्टेंबर इथली हवा बहुतेक दिवस त्याच्या बरीच वर असते. ट्रंक मरते ती खालून. सरकवून सरकवून बुडाचा रंग गेलेला असतो, वर ती गार फरशीला चिकटून बसते. चार लाकडी ठोकळे, भिंतीपासून वीतभर अंतर आणि पाऊस संपल्यावर झाकण उघडून सावलीत दोन दिवस, एवढ्याने जे साधते ते कुठल्याही रंगाने साधत नाही. उलट ओलसर पत्र्यावर चढवलेला जाड रंग आतल्या गंजाला झाकतो आणि पुढे पापुद्र्यांसकट निघतो, जुन्या अक्षरांना बरोबर घेऊन. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी तर ट्रंक उंचावरच ठेवावी. २७ जुलै २०१९ ला वांगणी-बदलापूर दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. उल्हास नदीचे हे पाणी घरात शिरलेच, तर आधी स्वच्छ पाण्याने गाळ काढावा, कारण वाळलेला गाळ पत्र्याच्या दुमडींत ओल धरून ठेवतो. मग झाकण सताड उघडे ठेवून वाळवावी.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. भंगारात वजनावर जाणाऱ्या डब्यासाठी एवढे सोपस्कार कशाला, आणि वन रूम किचनमध्ये जागा कुठे? किमतीचे म्हणणे खरे आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या साध्या नियमाने शंभर वर्षे पुरी झालेली वस्तूच पुरावस्तू ठरते; गिरणगावातल्या बहुतेक ट्रंका त्यात बसणार नाहीत, बाजारही भाव देणार नाही. पण जागेचा प्रश्न ट्रंक वापरल्यानेच सुटतो. गोधड्या ठेवा, कोरडे कपडे ठेवा. तळाचे वर्तमानपत्र न फाडता त्यावर धुतलेला सुती कपडा अंथरा. बिजागरीला मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे. झाकणावर गादी टाकून बसायला वापरायची असेल तर मध्ये जाड कापड घाला, म्हणजे अक्षरे घासली जाणार नाहीत. आणि त्या आधी दिवसाउजेडी झाकणाचा, चारी बाजूंचा आणि कागदाच्या तारखेचा फोटो काढून, पत्त्यातली नावे ज्यांना अजून ओळखता येतात त्यांच्याकडून ती लिहून घ्या.