अदिश क्षेत्र आणि विश्वाची पहिली स्फीती

विश्वाच्या आरंभीच्या पहिल्या सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात काय घडले असावे, हा प्रश्न आता केवळ तत्त्वचिंतकांचा राहिलेला नाही. गेल्या चार-साडेचार दशकांत या प्रश्नाचे एक उत्तर गणिताच्या भाषेत मांडण्यात आले, त्यातून भाकिते काढण्यात आली आणि उपग्रहांवरील उपकरणांनी त्यांपैकी काही भाकिते पडताळूनही पाहिली. या उत्तराच्या केंद्रस्थानी 'अदिश क्षेत्र' ही कल्पना आहे. अदिश आणि सदिश हे शब्द विज्ञानाच्या शिक्षकांना नवे नाहीत. परंतु इतक्या साध्या कल्पनेवर संपूर्ण विश्वाच्या जडणघडणीचा भार कसा टाकण्यात आला, आणि तो तिने कितपत पेलला आहे, हे समजून घेण्यासारखे आहे.

न भेटलेल्यांचे साम्य

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात होल्मडेल येथे आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन या दोन शास्त्रज्ञांना १९६४-६५ साली आपल्या ॲन्टेनात एक चिवट खरखर आढळली. ॲन्टेनात घरटे केलेली कबुतरे हुसकावून, त्यांची घाण साफ करूनही ती गेली नाही. आकाशाच्या प्रत्येक दिशेने सारखीच येणारी ही खरखर म्हणजे विश्वाच्या बाल्यावस्थेतील उष्णतेचा अवशेष होय, असे पुढे निष्पन्न झाले. त्याला सूक्ष्मलहरींचे पार्श्वभूमी प्रारण असे म्हणतात. त्याचे तापमान सुमारे २.७२५ केल्विन आहे. विश्वाचे वय आज १३८० कोटी वर्षे मानले जाते. हे प्रारण विश्व अवघे ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना मोकळे झाले.

या शोधाने महास्फोटाच्या उपपत्तीला मोठे पाठबळ मिळाले, पण तिच्यातील एक उणीवही उघडी पडली. आकाशाच्या पूर्वेकडून येणारे प्रारण आणि पश्चिमेकडून येणारे प्रारण आपल्यापर्यंत आजच पोहोचत आहे. म्हणजे ज्या दोन प्रदेशांतून ते निघाले, त्यांचा एकमेकांशी संपर्क होण्याइतका वेळ तेव्हा मिळालेलाच नव्हता. प्रकाशाहून जलद तर निरोप जाऊ शकत नाही. तरीही दोहोंचे तापमान लाखात एखाद्या भागाचा फरक सोडल्यास तंतोतंत सारखे! चंद्रपूर आणि सावंतवाडी येथील परीक्षा केंद्रांवर दोन उत्तरपत्रिका पाचव्या दशांश स्थळापर्यंत एकसारख्या निघाल्या, तर परीक्षक त्याला योगायोग म्हणणार नाही. हे दोघे पूर्वी कधीतरी एकत्र बसले असले पाहिजेत, असेच तो म्हणेल.

दुसरी अडचण घनतेची होती. विश्वातील द्रव्याची घनता एका विशिष्ट क्रांतिक मूल्याहून थोडी अधिक असती तर विश्व केव्हाच आकसून संपले असते. थोडी कमी असती तर दीर्घिका आणि तारे बनण्यापूर्वीच सारे विखुरले असते. आज जे विश्व दिसते ते निर्माण होण्यासाठी, पहिल्या सेकंदाच्या अखेरीस ही घनता क्रांतिक मूल्याशी सुमारे पंधराव्या दशांश स्थळापर्यंत जुळलेली असावी लागते. रॉबर्ट डिकी यांच्या १९७८ मधील व्याख्यानात ही गोष्ट ॲलन गुथ नावाच्या तरुण अमेरिकी भौतिकीज्ञाने ऐकली. डिसेंबर १९७९ मध्ये, चुंबकीय एकध्रुवांच्या निराळ्याच प्रश्नावर गणित करीत असताना, या कोड्याची किल्ली त्याच्या हाती लागली. त्याचा निबंध जानेवारी १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. गुथने आपल्या कल्पनेला 'इन्फ्लेशन' हे नाव दिले. वृत्तपत्रे भाववाढीसाठी जो इंग्रजी शब्द वापरतात तोच हा. भाववाढीने त्या काळी अमेरिकेलाही ग्रासले होते. आपण येथे 'विश्वस्फीती' म्हणू.

अदिश क्षेत्र म्हणजे काय?

अवकाशातील प्रत्येक बिंदूला एखादी राशी जोडलेली असेल तर तिला क्षेत्र म्हणतात. वाऱ्याचे वर्णन करावयाचे तर वेग सांगून भागत नाही, दिशाही सांगावी लागते. ते सदिश क्षेत्र होय. हवामान खात्याच्या नकाशावर गावोगावचे तापमान मात्र केवळ एका आकड्याने दाखविता येते. पुण्याचे ३१ अंश कोणत्या दिशेचे, असे कोणी विचारीत नाही. ते अदिश क्षेत्र होय. अर्थात तापमान ही मूलभूत वस्तू नव्हे, ते रेणूंच्या हालचालीचे मोजमाप आहे. विश्वस्फीतीच्या उपपत्तीत कल्पिलेले क्षेत्र स्वयंभू असून त्याला स्वतःची ऊर्जा असते. त्याला 'इन्फ्लॅटॉन' असे नाव आहे.

अदिशच का? कारण दिशा असलेल्या क्षेत्राने विश्व फुगले असते तर बहुधा त्या दिशेची खूण आकाशात राहिली असती. आपल्याला दिसणारे विश्व मोठ्या प्रमाणावर सर्व दिशांना सारखेच आहे. पक्षपात न करणारे कारण हवे होते आणि अदिश क्षेत्र हे त्याचे सर्वांत साधे रूप आहे.

आता मुख्य मुद्दा. कणगीतले धान्य दुप्पट आकाराच्या कणगीत पसरले की ते विरळ होते. द्रव्याचे आणि प्रकाशाचेही असेच होते. पण अदिश क्षेत्राचे मूल्य सर्वत्र सारखे आणि जवळजवळ स्थिर असेल, तर त्याची ऊर्जा त्या मूल्यावरच अवलंबून राहते. विश्व दुप्पट झाले तरी प्रत्येक घनसेंटिमीटरमधील ऊर्जा तेवढीच राहते. जागा वाढली आणि ऊर्जा विरळ झाली नाही, याचा भौतिकीच्या हिशेबात एकच अर्थ निघतो: या क्षेत्राचा दाब ऋण आहे. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादानुसार केवळ द्रव्यच नव्हे तर दाबही गुरुत्वाकर्षण निर्माण करतो, आणि घनतेत दाबाची तिप्पट मिळवून जी बेरीज येते तिच्या चिन्हावर विस्ताराला वेग येणार की खीळ बसणार हे ठरते. येथे बेरीज ऋण येते. गुरुत्वाकर्षण ओढण्याऐवजी ढकलू लागते आणि विस्तार चक्रवाढीने होतो. अवकाशाचा एखादा प्रदेश प्रत्येक दिशेने सुमारे ८६ वेळा दुप्पट झाला तर तो सुमारे १०^२६ पट मोठा होतो. या प्रमाणात वाढविल्यास प्रोटॉनएवढा कण पृथ्वी आणि सूर्य यांमधील अंतराएवढा होईल. निदान इतकी स्फीती आवश्यक असल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते. आणि तिला लागलेला काळ सेकंदाच्या इतक्या लहान भागात मोडतो की तो लिहिताना दशांशचिन्हानंतर तीसहून अधिक शून्ये द्यावी लागतात.

यामुळे दोन्ही कोडी एकदम सुटतात. आज आकाशाच्या दोन टोकांना असलेले प्रदेश स्फीतीपूर्वी शेजारी होते. उत्तरपत्रिका लिहिणारे खरोखरच एकत्र बसले होते. आणि फुगा प्रचंड फुगला की त्याच्या पृष्ठावरील मुंगीला तो सपाटच भासतो, तशी घनताही क्रांतिक मूल्याच्या अगदी जवळ आणून ठेवली जाते.

टेबललँडवरील चेंडू

गुथच्या मूळ आराखड्यात मात्र एक मोठा दोष होता, आणि तो त्याने आपल्या निबंधातच नमूद केला होता. त्याच्या कल्पनेनुसार क्षेत्र एका खळग्यात अडकून राही आणि नंतर उकळत्या पाण्यातील बुडबुड्यांप्रमाणे ठिकठिकाणी नव्या अवस्थेत जाई. असे बुडबुडे एकमेकांत नीट मिसळत नाहीत. त्यातून आपल्यासारखे एकजिनसी विश्व बनत नाही. मॉस्कोचे आंद्रेई लिंडे यांनी, आणि स्वतंत्रपणे अमेरिकेतील आंद्रेआस अल्ब्रेख्ट व पॉल स्टाइनहार्ट यांनी, १९८२ साली यावर तोड काढली.

पाचगणीचे टेबललँड पाहिलेल्यांना ही तोड लगेच उमगेल. माथा जवळजवळ सपाट, आणि कडेला एकदम उतार. क्षेत्राचे मूल्य म्हणजे माथ्यावरचा चेंडू आणि उंची म्हणजे त्याची स्थितिज ऊर्जा, असे समजू. (चेंडू अवकाशात कोठेही जात नाही; बदलतो तो केवळ आकडा.) माथ्यावर चेंडू अतिशय मंद गतीने सरकतो, कारण उतार अल्प असतो आणि विश्वाचा विस्तारच घर्षणासारखा त्याला रोखून धरतो. तेवढ्या अवधीत ऊर्जा जवळजवळ स्थिर राहते व स्फीती चालू राहते. चेंडू कडेवरून घरंगळला की स्फीती थांबते. तळाशी तो मागेपुढे हेलकावे घेतो आणि त्याची ऊर्जा कणांच्या व प्रारणाच्या रूपाने बाहेर पडते. ज्याला आपण महास्फोटातील तप्त विश्व म्हणतो ते या उपपत्तीप्रमाणे येथून सुरू होते. पुढे लिंडे यांनी १९८३ मध्ये दाखविले की सपाट माथ्याचीही अट नाही. पुरेशा उंचीवरून निघालेल्या साध्या वाटीसारख्या उतारावरही हे घडू शकते.

या इतिहासात एक मराठी नावही येते. कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांनी फ्रेड हॉईल यांच्याबरोबर १९६० च्या दशकात स्थिर-स्थिती विश्वाचे गणित मांडले, तेव्हा द्रव्यनिर्मिती आणि विस्तार यांच्या मुळाशी त्यांनी ऋण ऊर्जेचे एक अदिश क्षेत्रच कल्पिले होते. त्याला ते 'सी-क्षेत्र' म्हणत. उद्दिष्ट निराळे होते, किंबहुना विरुद्ध होते. पण अदिश क्षेत्राच्या ऋण दाबाने विश्व चक्रवाढीने पसरू शकते हा विचार त्यात होता. २० मे २०२५ रोजी निधन पावलेले डॉ. नारळीकर अखेरपर्यंत महास्फोटाचे आणि विश्वस्फीतीचे टीकाकार राहिले. १९८८ साली पुण्यात आयुका ही संस्था उभारणारे हे संशोधक सर्वमान्य मताच्या बाहेर उभे होते, ही गोष्ट विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी.

दीर्घिकांचे बी

या उपपत्तीची खरी ताकद १९८२ च्या उन्हाळ्यात केंब्रिज येथील परिषदेत प्रकट झाली असे म्हणावे लागेल. पुंजवादानुसार कोणतेही क्षेत्र पूर्णपणे निश्चल राहू शकत नाही. ते सतत किंचित थरथरत असते. इन्फ्लॅटॉनच्या थरथरीमुळे काही ठिकाणी स्फीती क्षणभर आधी थांबते, काही ठिकाणी क्षणभर उशिरा. त्यामुळे घनतेत सूक्ष्म चढउतार होतात, आणि स्फीती त्यांना ताणून खगोलीय आकाराचे करते. जेथे द्रव्य किंचित अधिक, तेथे गुरुत्वाकर्षणाने ते जमत जाते आणि कोट्यवधी वर्षांनी दीर्घिका बनते. सोव्हिएत संघातील व्हियाचेस्लाव मुखानोव्ह व गेन्नादी चिबिसोव्ह यांनी १९८१ मध्येच असे गणित केले होते. केंब्रिजला स्टीफन हॉकिंग, गुथ, स्टारोबिन्स्की आणि इतरांनी ते कसून तपासले. निष्कर्ष असा की लहानमोठ्या सर्व आकारांच्या चढउतारांचा जोर जवळजवळ सारखा, पण लहान आकारांकडे किंचित कमी असावा.

१९८९ मध्ये सोडलेल्या कोबे उपग्रहाने १९९२ साली लाखात एका भागाएवढे हे चढउतार प्रथम टिपले. युरोपच्या प्लँक उपग्रहाच्या मोजमापांनी तो 'किंचित कमी'ही पकडला: जोर अगदी सारखा असता तर जो निर्देशांक १ आला असता, तो ०.९६५ आला. मोजमापांना दहा वर्षे अवकाश असताना कागदावर केलेले भाकीत असे उतरावे, ही लहान गोष्ट नव्हे.

काय अद्याप सिद्ध नाही

तरीसुद्धा विश्वस्फीती सिद्ध झाली असे वर्गात सांगणे योग्य होणार नाही. इन्फ्लॅटॉन कोणी पाहिलेला नाही. निसर्गात मूलभूत अदिश क्षेत्र असू शकते, एवढे मात्र ४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेने हिग्ज कणाचा शोध जाहीर केल्यावर निश्चित झाले. हिग्ज क्षेत्रानेच स्फीती घडविली असावी असेही काहींनी सुचविले आहे. ते निर्विवाद नाही.

स्फीतीने गुरुत्वीय लहरीही निर्माण केल्या असाव्यात, आणि त्यांचा ठसा पार्श्वभूमी प्रारणाच्या ध्रुवणात पिळासारखा उमटला असावा. दक्षिण ध्रुवावरील बायसेप-२ या दुर्बिणीच्या गटाने १७ मार्च २०१४ रोजी तो सापडल्याचे जाहीर केले. जगभर आनंदीआनंद झाला. परंतु प्लँकच्या निरीक्षणांशी मेळ घातल्यावर, २०१५ च्या आरंभी, त्या संकेताचा मोठा भाग आपल्याच आकाशगंगेतील धुळीमुळे आल्याचे दिसून आले आणि दावा मागे पडला. २०२१ पर्यंतच्या तपासणीत, घनतेच्या चढउतारांच्या तुलनेत या लहरींचा जोर ०.०३६ हून अधिक नसल्याचे ठरले. त्यामुळे लिंडे यांच्या १९८३ च्या आराखड्याची सर्वांत साधी रूपे बाद झाली.

स्टाइनहार्ट हे जनकांपैकी एक असूनही आज कडवे टीकाकार आहेत. उताराचा आकार हवा तसा बदलून कोणतेही निरीक्षण जुळविता येत असेल, तर ही उपपत्ती चूक ठरणार तरी कशी, असा त्यांचा आक्षेप आहे. २०१७ साली त्यावर जाहीर वाद झाला आणि गुथ, लिंडे यांच्यासह ३३ शास्त्रज्ञांनी सहीनिशी उत्तर दिले. आक्षेप अगदीच निराधार नाही. पण लिंडे यांची ती रूपे बाद झाली, यावरून प्रत्येक विशिष्ट आराखडा निरीक्षणांनी खोटा पडू शकतो हेही दिसते.

तपासणी चालू आहे. चिलीतील अटाकामा वाळवंटात सायमन्स वेधशाळा आणि दक्षिण ध्रुवावर बायसेपच्या नव्या दुर्बिणी त्या पिळाचा शोध घेत आहेत. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने सोडलेला स्फिअरएक्स उपग्रह कोट्यवधी दीर्घिकांचा त्रिमिती नकाशा तयार करण्यासाठी आहे. आरंभीच्या थरथरीत एकच अदिश क्षेत्र होते की अनेक, हे त्यांच्या वाटपावरून ओळखता येईल अशी अपेक्षा आहे.